जुन्या व्हॅनचे डोलणे : कारणे व उपाय

मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली, पुढे ‘ओम्नी’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही बेळगावात पहाटे भाजी मार्केटकडे गेल्यास ती अजून राबताना दिसते. आमच्या काकांची एक आहे. ती भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्यात जाते आणि वळणावर अशी डोलते की शेजारी बसलेल्याने देवाचे नाव घ्यावे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; यंत्रशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण गाडी दुरुस्त करावी की विकावी, हा हिशेब घरच्यांनी माझ्यावर सोपवला, तेव्हा मूळ कारण समजून घेणे भागच पडले.

गॅरेजातला मिस्त्री कन्नड बोलणारा. त्याने दोन वेगळे शब्द वापरले : ‘अल्लाडतैति’ आणि ‘वालतैति’. पहिल्याचा अर्थ हलते, दुसऱ्याचा कलते. आपण मराठीत दोन्हींना सरसकट ‘डोलते’ म्हणून मोकळे होतो, आणि तिथेच उपाय चुकतो. वळणात गाडी किती कलणार हे मुख्यतः भाराची उंची, वेग आणि स्प्रिंगांची ताठरता यांवर ठरते. त्यानंतर ती किती वेळ हेलकावे खाणार, हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर. म्हणून नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर घातले की हेलकावे थांबतात. लांब वळणावरचे कलणे मात्र तसेच राहते.

हेलकाव्यांची परीक्षा सोपी आहे. गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडावा. ती दोन-तीनदा वरखाली झाली, किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तेल ओघळलेले दिसले, तर डावा-उजवा दोन्ही बदलावेत.

ओम्नीचा मागचा अखंड अ‍ॅक्सल पाट्यांवर बसलेला असतो. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुश झिजले किंवा यू-बोल्ट सैल पडले, तर अ‍ॅक्सल जागचा सरकतो आणि मागून कोणी ढकलल्यासारखे वाटते. टायरात हवा कमी असली तरी असाच भास होतो. हवा टायर थंड असताना तपासावी. या गाडीला १४५ आर १२ एलटी टायर लागतो. स्वस्त मिळतो म्हणून मोटारीचा मऊ टायर बसवणे म्हणजे चार पैसे वाचवून ताप विकत घेणे होय.

आमच्याकडचा लाडका उपाय म्हणजे मागे एक जादा पाटा. त्याने गाडी भरलेली असताना कमी दबते, हे खरे. पण मागची बाजू उंच होते, आणि रिकाम्या परतीच्या प्रवासात ती उड्या मारते. ओम्नीची ओढ मागच्या चाकांवर. तीच चाके ओल्या रस्त्यावर पकड सोडू लागली तर शेपूट घसरायला वेळ लागत नाही. पुढचा विचार न करता फक्त मागचे ताठ करणे मला तरी पटत नाही.

खरी गोम टपावर आहे. गाडीची रुंदी १.४१ मीटर आणि उंची १.६४ मीटर, म्हणजे ती मुळातच रुंदीपेक्षा उंच. समजा, १०० किलो माल कॅरिअरवर जमिनीपासून १.८ मीटरवर आहे. तोच खाली ०.६ मीटरवर ठेवला, तर वळणात त्याचा उलथवणारा जोर एक तृतीयांश होतो. अर्थात आतला एकूण भार मर्यादेत हवा. वेगाचे गणित याहून कडक आहे. त्याच वळणावर ताशी ३० ऐवजी ४० किलोमीटरने गेल्यास जोर वेगाच्या वर्गाने, ९०० ला १६०० या प्रमाणात, म्हणजे पावणेदोन पटींहून अधिक वाढतो.

आमच्या गाडीचे बुश आणि मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले, हेलकावे गेले. कलणे आहे तसेच आहे, कारण कॅरिअर अजून टपावर आहे. पाच क्रेट कमी झाले तर पेट्रोलही सुटणार नाही, असे काकांचे म्हणणे. मी त्या पाच क्रेटांचे भाडे वहीच्या एका बाजूला आणि टायर-पाट्यांची झीज दुसऱ्या बाजूला मांडून दाखवली. भाड्याची बाजू थोडी जड निघाली, हेही लपवले नाही. मग काकूने विचारले, गाडी घाटात उलटली तर तो खर्च कोणत्या बाजूला लिहिणार? पावसाळ्यापुरता कॅरिअर उतरवायला काका तयार झाले आहेत; दिवाळीनंतरचे दिवाळीनंतर बघू म्हणतात.