रिकामी भांडी कोण देणार?

वाचन : २ राजे ४:१-७



सावकार विधवेची दोन मुले दास म्हणून न्यायला टपला होता. अलीशाने तिला विचारले, घरात काय आहे? होते कुपीभर तेल. शेजाऱ्यांनी तेल दिले नाही, पैसेही दिले नाहीत. रिकामी भांडी दिली. ती भरली, तेल विकून कर्ज फिटले आणि उरलेल्यावर घर चालले.

हा पाठ वाचताना मला आपली आदिवासी भावंडे आठवतात. त्यांच्या कुपीत मोहाची फुले, हिरडा, मध, डिंक आहे. पण घरात नड असली की माल व्यापारी सांगेल त्या भावाने जातो.

सरकारने १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमधील बिजापूर येथून वनधन योजना सुरू केली. सुमारे २० जणांचा एक बचत गट. असे १५ गट, म्हणजे ३०० जणांचे एक केंद्र. माल वाळवणे, निवडणे, प्रक्रिया व पॅकिंग यांचे प्रशिक्षण आणि साधने यांसाठी केंद्राला १५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते.

पण हे भांडे मागून आणावे लागते. अर्ज, बँकेचे खाते, हिशेबाची वही, सारेच नवखे. आपल्या मंडळीत शिक्षक, कारकून, दुकानदार आहेत. एकाने हिशेब शिकवावा, दुसऱ्याने बँकेत सोबत जावे. विक्री मात्र त्यांची त्यांनीच करावी. विधवेनेही स्वतःच केली.

मननासाठी : माझ्या घरी कोणते भांडे रिकामे पडले आहे?