इच्छा मंदावते तेव्हा

उपचाराची सुरुवात एका बेदाण्याने होते. तो तळहातावर घ्यायचा, उजेडात धरून त्याच्या सुरकुत्या पाहायच्या, बोटांत फिरवायचा, नाकाशी न्यायचा आणि जिभेवर ठेवल्यावरही लगेच चावायचा नाही. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डॉ. लोरी ब्रॉटो यांच्याकडे कामेच्छा उरली नाही म्हणून येणाऱ्या स्त्रियांना सुरुवातीच्या दिवसांत असा सराव दिला जातो. तासगावच्या बेदाण्यांचे बोकाणे भरणाऱ्या आपल्या लोकांना हा खटाटोप नवलाचा वाटेल. पण इच्छा मंदावलेल्या अनेकांची खरी अडचण या छोट्या सरावात नेमकी पकडली जाते. शरीराला काय जाणवते आहे, तिकडे त्यांचे लक्षच राहिलेले नसते.

ब्रॉटो यांना हा मार्ग योगायोगाने सापडला. सिॲटलमध्ये प्रशिक्षण घेत असताना स्वतःला इजा करून घेणाऱ्या रुग्णांसाठी सजगतेचे व्यायाम वापरले जाताना त्यांनी पाहिले. त्याच काळात गर्भाशयाशी संबंधित कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रिया त्यांच्याकडे येत होत्या आणि कमरेखाली काही जाणवतच नाही, असे सांगत होत्या. जी साधना मनाला शरीराकडे परत आणते, ती या स्त्रियांना का उपयोगी पडू नये, असा प्रश्न त्यांना पडला. पुढे त्यातून आठ बैठकांचा गटोपचार उभा राहिला. इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात आनापानाचा, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव केलेल्यांना त्याची जातकुळी चटकन ओळखू येईल. श्वास, शरीर आणि मग स्पर्श, असे लक्ष त्यात पुढे सरकते.

असा गट दर गावात कुठून मिळणार? शिवाय वर्तुळात बसून, अनोळखी माणसांसमोर हा विषय काढायचा कसा? म्हणून हा उपचार पडद्यावर आणण्याचे प्रयत्न सुरू झाले. ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठात प्रा. मरिटा मॅकेब आणि सहकाऱ्यांनी ‘रिव्हाइव्ह’ हा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला. त्यात स्त्रिया घरी सराव करायच्या आणि तज्ज्ञाशी ईमेलवर बोलायच्या. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या कार्यक्रमात त्यांनी सजगतेचे व्यायाम आणि गटात लिहून बोलण्याची सोय घातली. ब्रॉटो आणि काइल स्टीफनसन यांनी आपल्या प्रत्यक्ष उपचारावरून ‘ई-सेन्स’ बेतला. जर्मनीत बोखुमच्या रुर विद्यापीठात युलिया फेल्टन यांच्या गटाने आणखी काटेकोर चाचणी केली. काही स्त्रियांना विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारा ऑनलाइन उपचार मिळाला, काहींना सजगतेचा, तर काहींना प्रतीक्षायादीत ठेवले गेले. दोन्ही उपचारांत आठ टप्पे होते आणि सरावाबद्दल लेखी प्रतिसाद देणारा मार्गदर्शक होता. थांबलेल्या गटाच्या तुलनेत उपचार घेणाऱ्या दोन्ही गटांतील स्त्रियांची इच्छा वाढली आणि त्याबद्दलची तगमग कमी झाली.

मुळात हा आजार आहे की नाही, हे आधी पाहायला हवे. इच्छा कमी असणे म्हणजे आजार नव्हे. मानसविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार ही तक्रार साधारण सहा महिने टिकलेली हवी आणि त्या व्यक्तीला स्वतःला तिचा ठळक त्रास होत असला पाहिजे. हा दुसरा निकष फार मोलाचा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत ३१ हजारांहून अधिक स्त्रियांना प्रश्न विचारले गेले. इच्छा कमी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. मात्र इच्छा कमी आहे आणि त्याचा त्रासही होतो, अशा स्त्रिया १० टक्क्यांच्या आसपासच निघाल्या. बाकीच्यांना उपचाराची गरज होती असे म्हणता येत नाही. जोडीदाराला जास्त हवे असते आणि आपल्याला कमी, हा दोघांतला फरक आहे. तो बोलून सोडवायचा असतो. एकाला रोगी ठरवून तो सुटत नाही.

दुसरा गैरसमज आणखी खोल आहे. इच्छा आधी आपोआप यायला हवी आणि मग जवळीक, असेच बहुतेकांना वाटते. कॅनडातील डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० च्या सुमारास दाखवून दिले की दीर्घ सहवासात अनेक स्त्रियांचा क्रम उलटा असतो. आधी निवांतपणा, आपुलकी, स्पर्श. शरीर जागे होते आणि मग इच्छा येते. हे कळल्यावरच कितीतरी जणींच्या मनावरचे ओझे उतरते. ‘माझ्यात काहीतरी बिघडलंय’ हे वाक्य गळून पडते.

त्यातच ब्रेकचा भाग येतो. लैंगिक प्रतिसादाला स्कूटरसारखी रेस असते तसा ब्रेकही असतो, अशी मांडणी जॉन बॅनक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन या संशोधकांनी केली. दोन खोल्यांचे घर, पातळ भिंतीपलीकडे सासूसासरे, मधोमध झोपलेले मूल, पहाटे पाच वाजताचा डबा, दिवसभरात नवऱ्याने न बोललेला एक शब्द. इतके ब्रेक दाबलेले असताना रेस पिळून काय होणार? ‘उरकून टाकते’ असे सांगणाऱ्या बाईची इच्छा कुठे गेली, हे शोधायला तिच्या दिवसाचे वेळापत्रक पाहावे लागते. कधीकधी मागचा अत्याचार, दुखणारा समागम किंवा नकोशा झालेल्या नात्याची आठवणही त्यात सापडते. जिथे घरात मारहाण किंवा जबरदस्ती आहे, तिथे इच्छा वाढवण्याचा कोणताही कार्यक्रम देऊ नये. तिथे आधी त्या व्यक्तीची सुरक्षितता.

ऑनलाइन कार्यक्रमात आठवड्यागणिक साधारण हेच उलगडत जाते. आधी शरीररचना आणि इच्छेचा क्रम समजावला जातो. मग रोजनिशी लिहायची असते: जवळीक सुरू होताना डोक्यात काय येते? दाराची कडी लावली का? पोट सुटलेले दिसते का? उद्याची फी भरायची राहिली का? १९७० मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन यांनी ज्याला स्वतःच्याच संबंधाचा प्रेक्षक होणे म्हटले, तेच हे. त्या विचारांना तपासायला शिकवले जाते. पुढे त्याच दोघांनी रूढ केलेला स्पर्शाचा सराव येतो. ठरवून समागम बंद ठेवायचा आणि आळीपाळीने फक्त स्पर्श करायचा. सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रिये टाळायची. ‘पुढे काय’ याची धास्ती संपली की शरीर ऐकू लागते. हा सराव जोडीदाराविना पुढे जात नाही, म्हणून त्यालाही पहिल्या आठवड्यापासून सगळे माहीत असलेले बरे.

ऑनलाइन कार्यक्रमात नाव न सांगता प्रश्न विचारता येतात. ही सोय मराठी माणसाला नवी नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक जे प्रश्न विचारत, ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारण्याची त्यांची छाती झाली नसती. अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. पुढे मुंबईत डॉ. महिंदर वत्स यांनी वयाच्या ऐंशीनंतर दैनिकातून असे प्रश्न घेतले आणि २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी निधन होईपर्यंत ते या विषयावर बोलत राहिले. लाज बाजूला ठेवता आली की माणूस मदत मागतो, हे दोघांनी ओळखले होते. ऑनलाइन उपचाराचे बळही मुख्यतः तेच आहे.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. असे कार्यक्रम अर्ध्यावर सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी असते. पाठपुरावा करणारा मार्गदर्शक असेल तर टिकून राहणे सोपे जाते. म्हणून केवळ ध्वनिफिती विकणाऱ्या ॲपपेक्षा आठवड्याला निदान एकदा खऱ्या तज्ज्ञाचा प्रतिसाद मिळणारा कार्यक्रम निवडावा. अभ्यासही मुख्यतः स्त्रियांवर झालेले आहेत आणि वर उल्लेखलेले कार्यक्रम इंग्रजी व जर्मन भाषांतले आहेत. मराठीत बोलायचे असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा लैंगिक समुपदेशकाशी व्हिडिओवर ठरावीक बैठका घेऊन हाच क्रम पुरा करता येतो.

गोपनीयतेचा प्रश्न नुसत्या शंकेचा नाही. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या ‘बेटरहेल्प’ कंपनीवर ७८ लाख डॉलर भरण्याचा आदेश काढला. ग्राहकांची आरोग्याशी संबंधित माहिती तिने जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांसारख्या कंपन्यांना पुरवली, असा आयोगाचा आरोप होता. आपल्याकडे तर एकच फोन घरभर फिरतो. त्यावर मुलगा गृहपाठ करतो, सासू भजने ऐकते. तेव्हा सूचना बंद ठेवाव्यात, वेगळा पासवर्ड लावावा आणि खरे नाव, छायाचित्र, कामाचे ठिकाण मागणाऱ्या स्वयंसाहाय्य ॲपपासून दूर राहावे. मात्र औषध हवे असेल तिथे निनावीपणा चालत नाही. २५ मार्च २०२० च्या भारतीय टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही एकमेकांची ओळख पटलेली असावी लागते आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायला हवा. तो दिसत नसेल, तर ती चिठ्ठी घेऊन दुकानात जाऊ नये.

गोळीची आशा बऱ्याच जणांना असते. अमेरिकेत ऑगस्ट २०१५ मध्ये स्त्रियांसाठी फ्लिबॅनसेरिन मंजूर झाले. ते रोज घ्यावे लागते, मद्यासोबत रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते आणि नकली गोळीच्या तुलनेत समाधानकारक प्रसंगांत महिन्याला सरासरी अर्ध्याचीच भर पडते. एवढ्या लाभासाठी एवढी जोखीम पटणारी नाही. भिंतींवर आणि आता मोबाइलवर ‘शक्ती’ विकणाऱ्या जाहिरातींबद्दल तर १९५४ चा कायदाच आहे: लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही.

कार्यक्रम सुरू करण्याआधी शरीराची तपासणी करावी, याला पर्याय नाही. थायरॉइड, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, गरजेप्रमाणे प्रोलॅक्टिन. नैराश्यावरच्या अनेक गोळ्या इच्छा कमी करतात, आणि नैराश्य स्वतःही करते. म्हणून गोळी परस्पर बंद न करता ती बदलण्याबद्दल विचारावे. अंगावर पाजणाऱ्या आईचे इस्ट्रोजेन कमी असते, कोरडेपणामुळे दुखते आणि जिथे दुखते तिथे इच्छा होत नाही. पाळी गेल्यानंतरही तेच घडते आणि साध्या वंगण जेलीने किंवा डॉक्टरांनी दिलेल्या स्थानिक मलमाने पुष्कळ फरक पडतो. पुरुषांनी टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी करावी. तपासणीविना त्याची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांचे शुक्रजंतू घटतात, हे मूल हवे असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ताठरता येत नाही म्हणून येणाऱ्या काही पुरुषांची मूळ तक्रार इच्छेचीच असते, पण तसे सांगणे त्यांना कमीपणाचे वाटते.

मन फारच खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कोणत्याही ऑनलाइन सरावाच्या आधी १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीत बोलता येते.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी कुठल्याही कारणाने दवाखान्यात जाल, तेव्हा चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या, त्रास कधीपासून आहे ते कागदावर लिहून ठेवा आणि हा विषय उठताना दाराशी काढण्याऐवजी खुर्चीत बसल्याबसल्या सांगा. ‘इच्छा होत नाही’ हे तीन शब्द पुरतात. पुढचे प्रश्न विचारणे डॉक्टरांचे काम आहे.