लेसरने चष्मा घालविण्यापूर्वी : निर्णय कसा घ्यावा?

चष्म्याचा नंबर लेसरच्या साह्याने घालविण्याची शस्त्रक्रिया आज देशातील अनेक शहरांत उपलब्ध आहे. ती थोड्याच वेळात आटोपते, भूल केवळ थेंबांनी दिली जाते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी परततो. या सुटसुटीतपणामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. ज्या डोळ्यावर ही शस्त्रक्रिया केली जाते, तो डोळा बहुधा निरोगी असतो आणि चष्मा लावल्यावर त्याला उत्तम दिसत असते.

काचबिंदूचा उपचार लांबविल्यास गेलेली दृष्टी परत मिळत नाही. येथे तशी निकड नसते. आपण सहा महिने थांबलात, दोन वर्षे थांबलात किंवा ही शस्त्रक्रिया कधीच केली नाही, तरी त्यामुळे डोळ्याची हानी होत नाही. मात्र लेसरने एकदा काढलेला डोळ्याचा भाग पुन्हा वाढत नाही. म्हणून हा निर्णय घाईने घेण्याचे कारण नाही, आणि तपासणीवाचून घेण्याची मुभाही नाही.

लेसर नेमके काय करतो?

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. डोळ्यात शिरणारे किरण वाकविण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हाच पडदा करतो. निकटदृष्टितेत, म्हणजे उणे नंबरात, किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. पारपटल मधोमध किंचित सपाट केले, तर ते दृष्टिपटलावर एकत्र येऊ शकतात. १९८१ मध्ये भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी एक्सायमर लेसर जिवंत ऊतींचा अत्यंत पातळ थर आजूबाजूचा भाग न जाळता काढू शकतो, हे दाखवून दिले. आजच्या उपचाराचा पाया तोच आहे.

सध्या तीन पद्धती प्रचलित आहेत. लेसिक पद्धतीत पारपटलाची पातळ झडप उचलून आतील भागावर लेसर सोडतात आणि झडप पुन्हा बसवितात. दृष्टी लवकर स्थिरावते, परंतु जोराचा मार बसल्यास झडप सरकण्याचा धोका पुढेही राहतो. पीआरके पद्धतीत झडप नसते. वरची नाजूक त्वचा काढून लेसर सोडला जातो. त्यात पहिले तीन ते पाच दिवस दुखते आणि दृष्टी सुधारण्यास काही आठवडे लागतात. तथापि कुस्ती, कबड्डी किंवा मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांना ती अधिक सोयीची ठरते. स्माइल पद्धतीत लहानशा छेदातून आतील ऊतींची पातळ चकती काढली जाते. कोणती पद्धत नवी किंवा महाग आहे, यापेक्षा आपल्या डोळ्यास कोणती मानवते, हे महत्त्वाचे होय.

पारपटलाचा हिशेब

पारपटलाची मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉनच्या आसपास असते. एक डायॉप्टर नंबर घालविण्यासाठी ढोबळमानाने १५ मायक्रॉन ऊती काढाव्या लागतात. लेसिकची झडप सुमारे ११० मायक्रॉन जाडीची असते. झडपेखाली किमान २५० मायक्रॉन थर शिल्लक राहिला पाहिजे. अनेक तज्ज्ञ ३०० मायक्रॉन राखणे पसंत करतात.

समजा, एका व्यक्तीचे पारपटल ५२० मायक्रॉन आहे आणि नंबर उणे ६ आहे. झडपेचे ११० व लेसरचे ९० वजा केल्यावर ३२० मायक्रॉन उरतात. दुसऱ्या व्यक्तीचे पारपटल ४८० मायक्रॉन आहे आणि नंबर उणे ८ आहे. तेथे केवळ २५० मायक्रॉन उरतात. दोघांची इच्छा सारखीच, वयही कदाचित सारखेच. तरीही दुसऱ्या व्यक्तीस लेसिक न करण्याचा सल्ला मिळणे योग्य आहे. पारपटल फाजील पातळ झाल्यास ते हळूहळू पुढे फुगू लागते आणि मग चष्म्यानेही स्पष्ट दिसत नाही. नंबर फार मोठा असल्यास किंवा पारपटल पातळ असल्यास डोळ्यात कृत्रिम भिंग बसविण्याचा पर्याय काहींना उपलब्ध असतो. त्याचे धोके वेगळे आहेत व त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा.

काय सुटते आणि काय सुटत नाही?

लेसरने नंबर जातो, परंतु निकटदृष्टितेचा डोळा तसाच राहतो. असा डोळा लांबीला अधिक असल्याने त्याचे दृष्टिपटल ताणलेले असते आणि ते फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही टिकतो. म्हणून चष्मा सुटला तरी बाहुली मोठी करून केली जाणारी वार्षिक तपासणी सोडू नये.

चाळिशीनंतर येणारी वृद्धदृष्टिता या शस्त्रक्रियेने टळत नाही. आज उणे २ नंबर असलेली पंचेचाळिशीची व्यक्ती चष्मा काढून पुस्तक वाचू शकते. दूरचा नंबर घालविल्यावर तिलाच वाचनासाठी चष्मा घ्यावा लागेल. शिवणकाम, लेखापालन किंवा जवळचे बारीक काम करणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा. एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवण्याची सोय काहींना मानवते. ती प्रथम कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस अनुभवून पाहावी. तसेच, चष्म्याने जेवढे स्पष्ट दिसते त्याहून फार अधिक स्पष्ट दिसण्याची अपेक्षा ठेवू नये. लहानपणापासून मंद असलेला डोळा लेसरने तेज होत नाही.

कोणी थांबावे आणि कोणी टाळावे?

पुढील व्यक्तींनी तूर्त थांबावे :

१. ज्यांचे वय १८ वर्षांहून कमी आहे, किंवा गेल्या वर्षभरात ज्यांचा नंबर अर्ध्या डायॉप्टरहून अधिक बदलला आहे. विशीच्या सुरुवातीस नंबर अनेकदा बदलत असतो.

२. गर्भवती व स्तनपान करणाऱ्या माता. या काळात नंबर व अश्रूंचे प्रमाण बदलते.

३. ज्यांच्या मधुमेहावर नियंत्रण नाही, ज्यांच्या डोळ्यांत संसर्ग वा ॲलर्जी आहे, किंवा जे मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत आहेत.

पुढील व्यक्तींना ही शस्त्रक्रिया बहुधा करू नये असे सांगितले जाते :

१. ज्यांचे पारपटल शंकूसारखे पुढे येत आहे, म्हणजेच ज्यांना केराटोकोनस आहे, किंवा त्याची पूर्वचिन्हे आहेत. आईवडील वा भावंडांपैकी कोणास हा विकार असल्यास तसे स्पष्ट सांगावे. डोळे सतत चोळण्याची सवयही सांगावी.

२. ज्यांच्या डोळ्यांत तीव्र कोरडेपणा आहे, किंवा ज्यांना आमवातासारखा स्वप्रतिकारक आजार आहे.

३. ज्यांना मोतीबिंदू, अनियंत्रित काचबिंदू किंवा पारपटलाचा नागीण विषाणूचा आजार आहे.

तपासणी कशी असावी?

केवळ संगणकाने काढलेल्या नंबरावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. पारपटलाचा नकाशा व जाडी, थेंब घालून काढलेला नंबर, अश्रूंचे प्रमाण, अंधारातील बाहुलीचा आकार, डोळ्यातील दाब आणि बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची पाहणी एवढ्या गोष्टी झाल्याच पाहिजेत. कॉन्टॅक्ट लेन्समुळे पारपटलाचा आकार बदलतो. म्हणून मऊ लेन्स तपासणीपूर्वी किमान दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवाव्यात. लेन्स न थांबविता घेतलेली मापे विश्वसनीय नसतात.

संभाव्य त्रास

शस्त्रक्रियेत पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू छेदले जात असल्याने पहिले काही महिने डोळे कोरडे पडणे ही सर्वांत नेहमीची तक्रार होय. बहुतेकांची तक्रार सहा महिने ते वर्षभरात कमी होते, काहींची राहते. रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे किंवा समोरच्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपणे हाही अनुभव येतो. रात्री ट्रक, बस किंवा रिक्षा चालविणाऱ्यांनी हा धोका गांभीर्याने घ्यावा. काहींचा थोडा नंबर शिल्लक राहतो किंवा कालांतराने परत येतो. संसर्ग, झडपेतील बिघाड, पारपटल फुगणे व कायमची दृष्टिहानी हे धोके विरळ आहेत. परंतु ते नाहीत असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

नोकरी, विवाह आणि खर्च

अनेक तरुण भरतीसाठी चष्मा घालवू पाहतात. येथे विशेष सावध राहावे. रेल्वेच्या सहायक लोको पायलटसारख्या पदांसाठी लेसर शस्त्रक्रिया केलेले उमेदवार अपात्र धरले जात आले आहेत. सैन्यदले व पोलीस दलांचे निकष पदानुसार वेगळे असतात. वय व शस्त्रक्रियेनंतरचा कालावधी यांच्याही अटी असतात. ज्या पदासाठी अर्ज करावयाचा आहे, त्या वर्षीच्या जाहिरातीतील वैद्यकीय निकष शस्त्रक्रियेपूर्वी वाचावेत. जी नोकरी मिळावी म्हणून शस्त्रक्रिया केली, तीच तिच्यामुळे हातची जाऊ शकते.

विवाह ठरण्यापूर्वी मुलींवर चष्मा घालविण्यासाठी दबाव येतो, हेही वास्तव आहे. चष्मा हे व्यंग नव्हे. साखरपुड्याची तारीख हा शस्त्रक्रियेचा वैद्यकीय निकष होऊ शकत नाही. संमतिपत्रावर स्वाक्षरी आपली असते, म्हणून इच्छाही आपलीच असावी. कुटुंबीयांनी आणि डॉक्टरांनी त्या व्यक्तीशी एकांतात, मोकळेपणाने बोलावे.

७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च आरोग्य विम्यातून सहसा वगळलेला असतो. ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’ अशा जाहिरातीस भुलून तपासणीच्या दिवशीच पैसे भरू नयेत.

होकारापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माझ्या पारपटलाची जाडी किती आहे आणि शस्त्रक्रियेनंतर किती उरेल?

२. माझ्यासाठी हीच पद्धत का सुचविली आहे?

३. नंबर शिल्लक राहिल्यास पुढे काय करता येईल व त्याचा खर्च कोणाचा?

४. शस्त्रक्रिया कोण करणार आणि नंतर त्रास झाल्यास रात्री कोणाशी संपर्क साधावा?

या प्रश्नांची उत्तरे समजेल अशा भाषेत मिळाली नाहीत, तर दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचे मत घ्यावे. तो आपला अधिकार आहे.

शस्त्रक्रिया केल्यास

डोळे चोळू नयेत. झोपताना डोळ्यांवर संरक्षक कवच लावावे. काही आठवडे पोहणे, काजळ, धूळ, होळीचे रंग यांपासून दूर राहावे व उन्हात गडद चष्मा वापरावा. स्टेरॉइडचे थेंब सांगितलेल्या मुदतीतच वापरावेत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून ते चालू ठेवल्यास डोळ्यातील दाब वाढू शकतो. तीव्र वेदना, पू, दृष्टी अचानक मंदावणे, डोळ्यापुढे प्रकाश चमकणे किंवा काळे ठिपके एकाएकी वाढणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर व पारपटलाची मापे असलेली कागदपत्रे कायम जपून ठेवावीत. पुढे मोतीबिंदू झाल्यास भिंगाची शक्ती ठरविताना त्यांचा उपयोग होतो. काचबिंदूच्या तपासणीतही लेसर झाल्याचे सांगावे, कारण पातळ पारपटलामुळे डोळ्यातील दाब प्रत्यक्षाहून कमी भरतो.

नंबर स्थिर आहे, पारपटल पुरेसे जाड आहे, डोळे निरोगी आहेत आणि इच्छा स्वतःची आहे, अशा व्यक्तीस ही शस्त्रक्रिया समाधान देऊ शकते. यांपैकी एकाही गोष्टीविषयी शंका असल्यास चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवावा. तोही पूर्ण उपचारच आहे, आणि तो हवा तेव्हा बदलता येतो.