अभिजात मराठी चित्रपटांचा संग्रह आणि वऱ्हाडी बोली : वाचनाची एक दिशा

१. विषयाची मांडणी

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात चित्रपटाचा प्रवेश झाला तो प्रामुख्याने 'माध्यमांतर' या प्रकरणातून. कादंबरीचा चित्रपट होताना मूळ कृतीतील काय टिकले, काय गळले आणि कोणती भर पडली, याची नोंद करण्यापाशी हा अभ्यास बहुधा थांबतो. ही नोंद आवश्यक असली, तरी ती एकेका चित्रपटापुरती मर्यादित राहते. अभिजात मानले गेलेले चित्रपट एका संग्रहाच्या रूपाने, क्रमाने आणि सलग पाहिले असता जे प्रश्न उभे राहतात, ते सुट्या तुलनेत दिसत नाहीत. कोणती भूमी या संग्रहात वारंवार येते, कोणती येत नाही, आणि 'खेड्यातील माणूस' म्हणून कोणती मराठी ऐकवली जाते, हे अशा प्रश्नांपैकी काही होत.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार वऱ्हाडच्या, आणि त्यातही अकोला जिल्ह्यातील बाळापूरसारख्या गावच्या अभ्यासकाच्या दृष्टीने केला आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील हे गाव किल्ल्यासाठी आणि मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छत्रीसाठी प्रसिद्ध आहे. येथील बाजारात वऱ्हाडी आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात, तर शाळा-महाविद्यालयात प्रमाण मराठी चालते. पडद्यावरची 'ग्रामीण मराठी' ही या तिन्हींहून वेगळी अशी चौथी भाषा आहे. येथील विद्यार्थी तिला मराठी खेड्याची भाषा म्हणून स्वीकारतो. मात्र त्याच्या स्वतःच्या घरात ती बोलली जात नाही. या विसंगतीचा परिणाम त्याच्या भाषाविषयक आत्मविश्वासावर होतो, म्हणून हा प्रश्न साहित्याच्या वर्गात विचारात घेतला पाहिजे.

२. 'अभिजात' आणि 'कल्ट'

अभिजात चित्रपट समीक्षेच्या, पुरस्कारांच्या आणि जतनसंस्थांच्या मान्यतेने ठरतो. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. काय जपले जाते, यावर काय अभिजात ठरते हे काही अंशी अवलंबून असते. कारण जी प्रत नष्ट झाली, तिच्याविषयी पुढील पिढीला केवळ ऐकीव माहितीवर बोलावे लागते.

'कल्ट' ठरणाऱ्या चित्रपटाची प्रतिष्ठा प्रेक्षकाच्या तोंडी असते. तो पुन्हा पुन्हा पाहिला जातो, त्यातील संवाद पाठ होतात आणि नित्याच्या बोलण्यात मिसळतात. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हे मराठीतील याचे ठळक उदाहरण होय. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ने (१९७१) हेच स्थान अधिक व्यापक ग्रामीण प्रेक्षकवर्गात मिळवले. या दोन्ही चित्रपटांचे लेखक वसंत सबनीस होत. लोकनाट्याच्या बतावणीतून आलेली त्यांची संवादशैली शहरी विनोदात आणि ग्रामीण विनोदात सारख्याच सहजतेने वावरते. पाठ होणारा संवाद हा भाषेचा अनौपचारिक पाठच असतो. त्यामुळे बोलीच्या अभ्यासात कल्ट चित्रपटाला अभिजात चित्रपटाइतकेच महत्त्व द्यावे लागते.

३. वाचनाची पद्धती

संग्रह पाहताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, चित्रपट गुणानुक्रमे न पाहता निर्मितिवर्षानुसार पाहावेत. दुसरे, प्रत्येक चित्रपट किमान दोनदा पाहावा : एकदा कथेसाठी आणि एकदा केवळ भाषेसाठी. दुसऱ्या वेळी कोण कोणाशी कोणत्या मराठीत बोलते, स्त्रीपात्रे आणि पुरुषपात्रे यांच्या बोलण्यात काय भेद आहे, आणि विनोद कोणाच्या उच्चारावर उभा आहे, याचे टिपण करावे. तिसरे, हाती आलेली प्रत कोणती आहे याची खात्री करून घ्यावी. प्रभातचे 'कुंकू' (१९३७) आणि 'माणूस' (१९३९) हे चित्रपट हिंदीत अनुक्रमे 'दुनिया न माने' आणि 'आदमी' या नावांनी निघाले. 'पिंजरा'ही (१९७२) मराठीप्रमाणे हिंदीत झाला. बोलीविषयीचे विधान हिंदी आवृत्ती पाहून करता येत नाही, हे उघड आहे. तथापि घाईने केलेल्या प्रबंधांतून असे घडू शकते.

पाठचिकित्सेची सवय येथेही उपयोगी पडते. 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके एकरूप झाले, की अनेकांनी ते तुकारामांचाच अभंग मानले. पडद्यावरून ऐकलेले शब्द मूळ संहितेचेच आहेत असे गृहीत धरू नये, हा धडा त्यातून मिळतो.

४. संग्रहातील भूगोल

या पद्धतीने 'संत तुकाराम'पासून आरंभ केला असता एक भूप्रदेश हळूहळू स्पष्ट होत जातो. दामले-फत्तेलाल दिग्दर्शित या चित्रपटाची १९३७ मध्ये व्हेनिस येथील महोत्सवात दखल घेतली गेली. त्यातील देहू, 'श्यामची आई' (१९५३) मधील कोकण, 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि 'पिंजरा' यांतील तमाशाचे फड, 'सामना'मधील (१९७५) साखर कारखान्याच्या छायेतील गाव, 'जैत रे जैत'मधील (१९७७) ठाकरांचा डोंगर, 'सिंहासन'मधील (१९७९) मुंबई : असा हा नकाशा आहे. त्यात सह्याद्री आहे, समुद्रकिनारा आहे, उसाचा पट्टा आहे आणि महानगर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन, कपाशी आणि ज्वारी यांना त्यात जवळजवळ जागा नाही. ऐतिहासिक चित्रपटांतही शौर्याची भूमी सह्याद्रीचीच असते. बाळापूरचा संबंध येतो तो मिर्झाराजांच्या रूपाने, म्हणजे शत्रुपक्षाच्या सेनापतीच्या नावाने.

याची कारणे मुख्यतः निर्मितीच्या व्यवस्थेत आहेत. मराठी चित्रपटनिर्मितीची केंद्रे कोल्हापूर, पुणे आणि मुंबई ही होती. कलावंत, तंत्रज्ञ, चित्रीकरणाच्या जागा आणि तमाशा-लोकनाट्याची परंपरा हे सारे त्याच परिसरात उपलब्ध होते. 'न्हाई', 'व्हय', 'म्या', 'हितं' अशा रूपांनी बनलेली पडद्यावरची ग्रामीण बोली या परिसरातून घडली आणि कालांतराने सर्व मराठी खेड्यांची प्रतिनिधी मानली गेली. वऱ्हाडीतील 'मले', 'तुले', 'कायले', 'काऊन', 'येऊन रायला' ही रूपे, किंवा 'ळ'च्या जागी येणारा 'य', यांना त्या घडणीत स्थान मिळाले नाही. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडाने (१९०५) वऱ्हाडीची स्वतंत्र दखल घेतली होती. बोलपटांचा काळ त्यानंतर पाव शतकाने सुरू झाला, हे ध्यानात घेता ही अनुपस्थिती अज्ञानातून आलेली नाही.

'वऱ्हाडी' या शब्दाचे चित्रपटसृष्टीतील भवितव्यही सूचक आहे. 'वऱ्हाडी आणि वाजंत्री' (१९७३) या शीर्षकातील वऱ्हाडी हे लग्नाचे पाहुणे आहेत. ग्रंथालयाच्या सूचीत हा शब्द शोधणाऱ्या अभ्यासकाला प्रदेशाऐवजी लग्नघर सापडते.

५. वऱ्हाडची माणसे, इतरांची भूमी

या अनुपस्थितीचा दुसरा पैलू असा, की वऱ्हाडची माणसे या संग्रहात आहेत. गो. नी. दांडेकर यांचा जन्म १९१६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा. दिग्दर्शक राजदत्त यांचा जन्म त्याच जिल्ह्यातील धामणगावचा, १९३२ मधील. २०२४ मध्ये राजदत्तांना पद्मभूषण हा किताब जाहीर झाला. दांडेकरांनी 'पूर्णामायची लेकरं' ही कादंबरी वऱ्हाडी बोलीच्या आधारे लिहिली. परंतु अभिजात चित्रपटांच्या चर्चेत त्यांचे नाव येते ते 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'जैत रे जैत' या मावळच्या आणि सह्याद्रीच्या कथांमुळे.

या दोघा वऱ्हाडपुत्रांची भेट होते 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) या चित्रपटात. लेखन दांडेकरांचे, दिग्दर्शन राजदत्तांचे आणि गाडगे महाराजांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. त्यांचे बालपण आजोळी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे गेले. कीर्तनात प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडून उत्तर वदवून घेत बोलणे ही त्यांची पद्धती होती, आणि तिचे सामर्थ्य बोलीतच होते. त्यांच्या अखेरच्या वर्षातील, १९५६ मधील, मुंबईच्या वांद्रे येथील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. म्हणजे येथे अभ्यासकापाशी चरित्रनायकाचा प्रत्यक्ष आवाज आणि नटाने उभा केलेला आवाज, अशी दोन्ही साधने आहेत. मराठी संतचरित्रपटांच्या बाबतीत ही सोय अपवादात्मक आहे. तुकारामांचा आवाज कोणापाशीही नाही, म्हणून पागनिसांचा आवाजच तुकारामांचा ठरला. गाडगे महाराजांविषयी तसे होऊ देण्याचे कारण नाही. विभक्तिप्रत्यय, क्रियापदांची रूपे, श्रोत्यांना घातलेली संबोधने आणि विरामांची लय या चार अंगांनी दोन्ही आवाजांची तुलना हा पदव्युत्तर वर्गासाठी उत्तम प्रकल्प होईल.

६. एका वर्णाचा प्रश्न

बोलीचे माध्यमांतर किती सूक्ष्म पातळीवर घडते याचे उदाहरण 'अरे संसार संसार' (१९८१) या राजदत्त दिग्दर्शित चित्रपटात मिळते. शीर्षक खानदेशच्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेची आठवण देणारे. त्यातील पेरणीचे प्रसिद्ध गीत अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांचे. या गीतातील तिफण हे वऱ्हाडच्या शेतीतील नित्याचे अवजार. पेरणीच्या वेळची तिची चाल हीच गीताची लय आहे. वऱ्हाडातील कष्टकऱ्याचे शेत मराठी चित्रपटगीतांच्या मुख्य प्रवाहात येण्याच्या ज्या थोड्या घटना आहेत, त्यांपैकी ही एक ठळक घटना होय.

आता हे गीत सर्वत्र 'काळ्या मातीत मातीत' या नावाने ओळखले जाते. कवीच्या संग्रहाचे नाव मात्र 'काया मातीत मातीत' असे आहे. 'काया' हा 'काळ्या'चा वऱ्हाडी उच्चार. संग्रहाच्या मुखपृष्ठावर जो 'य' कवीने आग्रहाने ठेवला, तो गीताच्या प्रचलित नावात 'ळ' झाला. यात कोणाचा हेतुपुरस्सर दोष शोधण्याचे प्रयोजन नाही. गीत महाराष्ट्रभर समजावे ही अपेक्षा स्वाभाविक आहे. प्रमाण भाषेत 'काया' म्हणजे शरीर असा अर्थ रूढ असल्याने घोटाळ्याचीही शक्यता होती. तरीही या एका वर्णाच्या बदलात प्रादेशिक बोलीने मुख्य प्रवाहात प्रवेश करताना दिलेली किंमत दिसते. लय, आशय आणि अवजारांची नावे स्वीकारली गेली. उच्चार बाहेर राहिला. गीताची चित्रपटातील संहिता आणि छापील कविता समोरासमोर ठेवून असे आणखी किती बदल झाले आहेत, हे विद्यार्थ्यांकडून शोधून घेता येईल.

७. पूरक यादीची गरज

अशा स्थितीत वऱ्हाडच्या अभ्यासकाने चित्रपटांच्या यादीशेजारी साहित्यकृतींची दुसरी यादी ठेवणे इष्ट ठरते. तीत उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) अग्रभागी असावी. कौतिकचा संसार आणि तिची झुंज ज्या वऱ्हाडी संवादांतून साकार होते, ते संवाद 'सामना'च्या किंवा 'पिंजरा'च्या संवादांशेजारी मोठ्याने वाचून पाहिले असता ग्रामीण मराठी एकच नाही, हे वेगळ्या विवेचनाशिवाय पटते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०१४ मध्ये प्रदर्शित झालेला 'धग' हा चित्रपट शेळके यांच्या कादंबरीवर आधारलेला नाही. नामसाम्यामुळे त्याची नोंद माध्यमांतर म्हणून करणे चूक होईल.

अलीकडच्या काळात सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या चित्रपटाने विदर्भातील कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे घर त्याच्या बोलीसह पडद्यावर आणले. बोली विनोदासाठी न वापरता भय, राग आणि माया या सर्व भावांसाठी वापरता येते, हे त्याने दाखवले. मात्र हा प्रदेश पडद्यावर आला तो शेतकरी-आत्महत्येच्या विषयामुळे. संकटाखेरीज या भूमीचे नित्य जीवन अभिजात संग्रहात केव्हा येईल, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो.

८. समारोप

या विवेचनातून पुढील गोष्टी हाती येतात. अभिजात चित्रपटांचा संग्रह तटस्थ नसतो. निर्मितीची केंद्रे आणि जतनाच्या संधी यांनी तो घडलेला असतो. त्यातील ग्रामीण बोली ही एका परिसरातून आलेली, पुढे संकेतरूप झालेली बोली आहे. वऱ्हाडने या संग्रहाला लेखक, दिग्दर्शक, कवी आणि चरित्रनायक दिले, परंतु त्याची बोली तेथे क्वचित, आणि बहुधा सौम्य करून आली. म्हणून संग्रहाचे वाचन करताना जे दिसते त्याबरोबर जे ऐकू येत नाही त्याचीही नोंद घेतली पाहिजे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या भाषेच्या आरंभीच्या गद्याची चर्चा महानुभावांच्या लेखनाशिवाय होऊ शकत नाही, आणि त्या लेखनाचे एक प्रमुख केंद्र अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे होते. जी भूमी मराठी गद्याच्या आरंभापाशी उभी आहे, तिच्या बोलीला विसाव्या शतकातील पडद्याने कडेला ठेवले. बाळापूरच्या वर्गात चित्रपट दाखवणाऱ्या अध्यापकाने विद्यार्थ्यांपुढे हे दोन्ही काळ एकत्र मांडावेत. आपल्या घरचे 'मले' आणि 'तुले' ही भाषेतील चूक नसून तिच्या इतिहासाचा भाग आहे, हे विद्यार्थ्याला उमगले, तर 'संत तुकाराम' आणि 'पिंजरा' यांचा आस्वाद उणावणार नाही. तो अधिक डोळसपणे घेतला जाईल.