हजार डोळ्यांची साक्ष

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा खून १८६५ सालच्या एप्रिल महिन्याच्या १४ तारखेस रात्री, वॉशिंग्टन शहरातील फोर्ड नाट्यगृहात झाला. गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेले यादवी युद्ध नुकतेच संपत आले होते आणि लिंकन पत्नीसह एक विनोदी नाटक पाहावयास आले होते. प्रेक्षागृहात हजाराहून अधिक माणसे होती. एवढ्या डोळ्यांदेखत घडलेल्या घटनेविषयी मतभेदाला जागा ती कोठून असणार, असे तुम्हांस वाटेल. परंतु मुलांनो, घडले ते नेमके उलट.

मारेकरी जॉन विल्क्स बूथ हा स्वतः नामांकित नट होता. नाटकातील कोणत्या वाक्यास हशा पिकतो, हे त्यास ठाऊक होते. तो क्षण साधून त्याने लिंकन यांच्या पाठीमागून पिस्तूल झाडले. त्या वेळी बहुतेकांची दृष्टी रंगमंचावर खिळलेली होती. आवाज झाला तो नाटकातलाच, असे कित्येकांना वाटले. बूथने सज्जातून रंगमंचावर उडी टाकली आणि तो पळून गेला. पळताना तो काय ओरडला? ‘जुलमी राजांची गती सदा अशीच’ या अर्थाचे लॅटिन वाक्य, असे अनेकांनी सांगितले. दक्षिणेचा सूड घेतला, असे शब्द काहींनी ऐकले. सज्जातच बसलेल्या मेजर रॅथबोन यांना ‘स्वातंत्र्य’ असा काहीसा शब्द ऐकू आल्यासारखे वाटले. यांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हता.

आता वैद्याची गोष्ट पाहा. सज्जात प्रथम पोहोचले ते डॉ. चार्ल्स लील, वय अवघे २३ वर्षांचे. बूथच्या हातातील सुरा लोकांनी पाहिला होता आणि त्याच सुऱ्याने जखमी झालेल्या रॅथबोन यांच्या दंडातून रक्त वाहत होते. तेव्हा लिंकन यांनाही भोसकले असावे, असा डॉक्टरांनी तर्क केला. त्यांनी कपडे कापवून अंग तपासले. वार कोठेच आढळला नाही. मग त्यांची बोटे केसांतून फिरली आणि डाव्या कानामागे गोळीचे छिद्र हातास लागले.

येथे कोणी म्हणेल, मारेकरी जर मागून आला, तर गोळी डाव्या बाजूस कशी लागली? गोळीच्या आधी सज्जाकडे पाहत असलेल्या एका प्रेक्षकाने सांगितले की, लिंकन कठड्यावरून वाकून खाली वादकांच्या बाजूस कोणाकडे तरी पाहत होते. मान डावीकडे वळली, म्हणजे डावा कान आपोआप पाठीमागे येतो. तुम्ही स्वतः करून पाहा. ही साक्ष जखमेशी तंतोतंत जुळते, म्हणून ती ग्राह्य.

वस्तू मात्र सर्वच प्रश्नांची उत्तरे देत नाहीत. बूथच्या डाव्या पायाचे हाड घोट्याच्या वर मोडले होते. सुजलेल्या पायातून काढण्यासाठी वैद्याने कापलेला त्याचा बूट आजही जतन केलेला आहे. हाड मोडले कोठे, हे तो बूट सांगत नाही. घोडा पडला, असे वैद्याला सांगण्यात आले. उडी मारताना मोडले, असे बूथने आपल्या रोजनिशीत लिहिले. अपरिचिताला नाट्यगृहाची गोष्ट सांगणे फरारी माणसास परवडणारे नव्हते, हे खरे. परंतु रोजनिशीवर तरी विश्वास किती ठेवावा? तीत मेजरचा कर्नल झाला आहे, आणि ती घोषणा आपण गोळी झाडण्यापूर्वीच दिली, असेही लिहिले आहे! शौर्याची हौस असलेल्या मनुष्याचे ते लेखन आहे. उडीचाच वृत्तान्त अधिक संभवनीय, असे आम्हांस वाटते. तथापि काही इतिहासकार घोड्याच्या बाजूस झुकतात.

त्या रात्रीचा अखेरचा हयात प्रेक्षक सॅम्युएल सेमूर १९५६ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी, दूरचित्रवाणीवर लोकांपुढे आला. घटनेच्या वेळी तो ५ वर्षांचा होता. राष्ट्राध्यक्षांना गोळी लागली, हे त्या बालकास उमगलेच नव्हते. वरून एक माणूस खाली पडला आणि त्यास लागले असेल, एवढीच त्याला काळजी वाटली होती.