इंग्रजी ऐकावे कसे?



तुम्ही आता अक्षरे ओळखता. एस.टी.ची पाटी वाचता. सातबाऱ्यावरचे आपले नाव वाचता. अंगठा गेला आणि सही आली. हे काम लहान नव्हे. आपल्या सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती इतर जिल्ह्यांतही गेली. प्रौढ माणूस शिकू शकतो, हे त्या वेळी गावोगावच्या लोकांनी दाखवून दिले.

पण एक अडचण आमच्या कानावर वारंवार येते. "गुरुजी, मराठी आता वाचता येतं. पण कुणी इंग्रजी बोललं की काय कळंना बघा. नुसता पत्र्यावर पाऊस पडल्यागत वाटतं."

त्या अडचणीवर हा धडा आहे. इंग्रजी बोलावे कसे, ते पुढे पाहू. आज फक्त ऐकायला शिकू.

ओळखीचे शब्द

आपल्याला इंग्रजी मुळीच येत नाही, असे म्हणू नका. सकाळपासून मोजा. स्टँड, तिकीट, कंडक्टर, बँक, डॉक्टर, इंजेक्शन, मोटर, पंप, लाइट. असे किती तरी शब्द तुमच्या तोंडी आहेत. फक्त आपण ते आपल्या वळणाने बोलतो. आपण 'इस्टँड' म्हणतो, 'टायम' म्हणतो. इंग्रजी बोलणारा 'स्टँड' म्हणतो, 'टाइम' म्हणतो. गावचाच माणूस कोट घालून आला, तर क्षणभर ओळखू येत नाही. तसेच हे आहे. कोट पाहू नका, चेहरा पाहा.

म्हणून पहिली गोष्ट ही की सगळे वाक्य कळले पाहिजे, हा हट्ट सोडा. दहा शब्दांतले तीन ओळखीचे पकडा. आपण कुठे उभे आहोत, ते ध्यानात ठेवा. पुष्कळदा तेवढ्यावर अर्थ लागतो.

स्टेशनावरची शाळा

सातारा, कराड, सांगली, मिरज यांपैकी कोणत्याही स्टेशनावर जा. गाडी येण्याआधी कर्ण्यावरून मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा भाषांत तीच सूचना देतात. कोयना एक्सप्रेस येणार असेल, तर इंग्रजीत ऐकू येते, "ट्रेन नंबर वन वन झीरो टू नाइन." म्हणजे ११०२९. पाचही आकडे सुटे सुटे बोलतात. मग गाडीचे नाव, गावाचे नाव आणि शेवटी प्लॅटफॉर्मचा आकडा.

मराठी सूचना ऐकून अर्थ तुम्हांला कळलेलाच असतो. मग इंग्रजी सूचना नीट ऐका. कोणता शब्द कशासाठी आला, ते आपोआप जुळते. या शाळेला फी नाही.

या धड्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. आधी अर्थ, मग आवाज. काय सांगणार आहेत ते अगोदर माहीत असले, म्हणजे कानाचे निम्मे काम होते. रेडिओवरही हेच करता येते. आधी मराठी बातम्या ऐका, मग त्याच दिवसाच्या इंग्रजी बातम्या ऐका. गावांची आणि माणसांची नावे तीच असतात. त्या नावांना धरून चाला.

भरभर बोलणे नवशिक्याला झेपत नाही, हे रेडिओवाल्यांनीही ओळखले होते. अमेरिकेच्या 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओने १९५९ साली अशा लोकांसाठी वेगळे कार्यक्रम सुरू केले. त्यात सुमारे १५०० सोपेच शब्द वापरत, वाक्ये लहान ठेवत आणि सावकाश बोलत. आता मोबाइलवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकता येते. त्याचा उपयोग करा.

पंधरा की पन्नास?

आता जपायची जागा सांगतो. फिफ्टीन म्हणजे १५ आणि फिफ्टी म्हणजे ५०. कानाला दोन्ही सारखेच वाटतात. थर्टीन १३ आणि थर्टी ३०, सिक्स्टीन १६ आणि सिक्स्टी ६० हेही तसेच.

तासगावकडचा द्राक्षबागाईतदार घ्या. औषध विकणारा म्हणाला, "पंपाला फिफ्टीन मिली." याने ऐकले फिफ्टी. मग बागेचे काय होईल, ते बागाईतदाराला सांगायला नको. दवाखान्यातल्या औषधाचे तर बोलायलाच नको.

यावर खूण अशी. 'टीन'वर जोर असेल आणि तो लांबला असेल, तर १५. शेवटचा 'टी' तोकडा असेल आणि जोर आधीच्या 'फिफ्'वर असेल, तर ५०. पण नुसत्या खुणेवर भरवसा ठेवू नका. सरळ विचारा, "वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?" स्टेशनावर आकडे सुटे बोलतात ना? तीच युक्ती इथे वापरायची.

नाही कुठे येते?

मराठीत 'नाही' किंवा 'नको' हे बहुधा वाक्याच्या शेवटी येते. "दहानंतर जेवू नका." त्यामुळे आपला कान शेवटाची वाट पाहतो. इंग्रजीत मात्र 'नॉट' हा शब्द आधीच येऊन जातो.

मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर म्हणाल्या, "डू नॉट ईट आफ्टर टेन." म्हणजे दहानंतर काही खाऊ नका. आपला कान उशिरा जागा झाला, तर ऐकू येते, "ईट आफ्टर टेन." म्हणजे दहानंतर खा! भरल्या पोटी भूल देणे धोक्याचे असते. एका 'नॉट'वर एवढे अवलंबून असते. 'डू नॉट'चे बोलताना 'डोन्ट' होते, तेही ध्यानात ठेवा.

म्हणून वाक्याच्या सुरुवातीलाच कान टवकारा.

वन्स मोअर म्हणा

सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक सांगलीतच केले. नाटकातले गाणे आवडले, की आपले लोक "वन्स मोअर!" असे बिनदिक्कत ओरडतात. मग दवाखान्यात आणि बँकेत लाज का वाटावी? "प्लीज, से इट अगेन" म्हणजे कृपा करून पुन्हा सांगा. "प्लीज, स्पीक स्लोली" म्हणजे जरा सावकाश बोला. एवढी दोन वाक्ये पाठ करा.

औषध, पैसा आणि सही या तीन बाबतींत अंदाज बांधू नका. स्पष्ट म्हणा, "डॉक्टरसाहेब, मराठीत सांगा." यात कमीपणा काही नाही.

कॉलेजातले इंग्रजी

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. इंग्रजी पहिलीपासून सुरुवात करणारा तो मुलगा पुढे न्यूयॉर्क आणि लंडन येथे इंग्रजीतून शिकला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. खेड्यातली मुले कॉलेजात जाऊ लागली.

तुमचीही मुलगी उद्या जाईल. मराठी शाळेत दहावी झालेली मुलगी सायन्सच्या वर्गात बसते आणि सर इंग्रजीत बोलू लागतात. पहिले काही आठवडे पोरीच्या डोळ्यांत पाणी येते. कित्येकजणी तिथेच कच खातात. तिला हुशारी कमी नसते, कानाला सवय नसते एवढेच.

तिला सांगा, उद्याचा धडा आज रात्री वाचून जा. आधी अर्थ, मग आवाज. वर्गात वाटाड्या शब्दांकडे लक्ष दे. 'फर्स्ट' म्हणजे पहिला मुद्दा. 'बिकॉज' आले की कारण येते. 'फॉर एक्झाम्पल' आले की उदाहरण येते. 'बट' आले, की सावध! पुढे उलटी गोष्ट येते.

समजा सर म्हणाले, "शुगरकेन नीड्स वॉटर. बट टू मच वॉटर स्पॉइल्स द सॉइल." म्हणजे उसाला पाणी लागते, पण फार पाणी जमीन बिघडवते. हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला शिकवायला हवे का? जादा पाण्याने खारवट झालेली रानं तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. ते घरी मुलीला सांगितलेत, तर वर्गातले इंग्रजी तिला लवकर कळेल.

रोज संध्याकाळी तिला विचारा, "पोरी, आज सरांनी काय सांगितलं गं? मराठीत सांग." तिला सांगता आले, तर समजले. अडखळली, तर कुठे अडली ते तिलाच उमगेल आणि दुसऱ्या दिवशी ती सरांना विचारील. तुम्हांला इंग्रजी येत नसले, तरी एवढी मदत तुम्ही खास करू शकता.

सराव

१. आज दिवसभरात कानावर आलेले दहा इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहा.

२. घरातल्या कोणाला तरी थर्टीन, थर्टी, फिफ्टीन, फिफ्टी, सिक्स्टीन, सिक्स्टी असे उलटसुलट म्हणायला सांगा. तुम्ही ऐकून आकडा लिहा. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत थांबू नका.

३. "डू नॉट ड्रिंक धिस वॉटर." या वाक्यात 'नॉट' कितवा शब्द आहे? हे पाणी प्यावे की पिऊ नये?

४. स्टेशनावर किंवा रेडिओवर एक इंग्रजी सूचना ऐका. त्यातले ओळखीचे तीन शब्द पुढच्या वर्गात सांगा.