वाचकांचे प्रश्न : रानडुकरांनी धान लोळवलं, आता काय?

प्रश्न : आमची पवनी तालुक्यात जंगलाला लागून चार एकर धानाची शेती आहे. धान निसवायला लागलं की रानडुकरांचा कळप रात्री बांधीत शिरतो. खातो त्याहून जास्त लोळवतो. कापणी होईपर्यंत घरचं कोणीतरी रोज जागलीवर असतं. गावात काही जण धुऱ्यावर करंटची तार टाकतात, आम्हालाही तेच सांगतात. डुक्कर मारायची परवानगी खरंच मिळते का? बंदुकीचा परवाना कोण देतं? आणि मेलेलं डुक्कर वाटून खाल्लं तर गुन्हा होतो का?
— एक शेतकरी, पवनी तालुका (नाव छापू नये)

उत्तर : भाऊ, तार टाकली असेल तर हा अंक बाजूला ठेवा आणि आधी ती काढून या. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

तारेला डुक्कर कोण आणि माणूस कोण हे कळत नाही. पहाटे पाणी बघायला निघालेला शेजारी, मोहफुलं वेचायला गेलेली बाई किंवा रात्री लघवीला उठलेला तुमचाच मुलगा तिला चिकटू शकतो. माणूस मेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जीव जाऊ शकतो हे ठाऊक असूनही तार टाकली असं कोर्टाला वाटलं, तर कलम १०५ चा सदोष मनुष्यवधही लागू शकतो. ‘माझ्या शेतात तो आलाच कशाला’ हा बचाव चालत नाही. बिहारमधल्या एका माणसाने शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून तिथे विजेची तार लावली होती. तिला चिकटून शेजारची बाई मेली. चेरुबिन ग्रेगरीच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच सांगितलं की, न विचारता आत आला म्हणून कोणाचा जीव घेणारा सापळा लावायचा हक्क जागेच्या मालकाला मिळत नाही. शिवाय खांबावरून आकडा टाकला असेल तर वीजचोरीचा गुन्हा वेगळा.

आणि तुमचं शेत पवनी तालुक्यात आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा वाघ धुऱ्यावरून जाणं तुमच्याकडे नवलाचं नाही. याच अभयारण्यातला ‘जय’ वाघ २०१६ मध्ये बेपत्ता झाला, आणि त्याचा बछडा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७ मध्ये नागभीडकडे शेतातल्या विजेच्या तारेने मेला. वाघ अनुसूची एकमध्ये आहे. त्याला मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. तार डुकरासाठी लावली होती असं सांगून सुटका होत नाही, कारण डुक्करही विनापरवाना मारता येत नाही.

आता परवानगीबद्दल. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून ते अनुसूची दोनमध्ये येतं. विनापरवाना शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ प्रमाणे लेखी परवानगी मिळू शकते. आपल्या राज्यात जुलै २०१५ च्या शासन निर्णयानुसार रानडुक्कर आणि रोही यांच्या पारधीसाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. सोबत सातबारा जोडा, नुकसानीचे फोटो द्या आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. अभयारण्याच्या हद्दीत ही परवानगी चालत नाही, आणि परवानगीत फास किंवा तार बसत नाही.

बंदुकीचा परवाना हे दुसरं प्रकरण. तो जिल्हाधिकारी शस्त्र कायद्याखाली देतात. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद त्या कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. पण बंदुकीचा परवाना हाती आला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली, असं नाही. दोन्ही कागद लागतात. निवडणूक लागली की बंदूक बहुधा ठाण्यात जमा करावी लागते, डुकरं मात्र आचारसंहिता पाळत नाहीत. मला विचाराल तर एका शेतकऱ्याच्या एका बंदुकीने कळप हटत नाही. रात्री धानात घुसून गोळी झाडण्यातला धोका डुकरापेक्षा माणसालाच जास्त.

डुक्कर अंगावर आलं आणि जीव वाचवताना मेलं, तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा नाही. पण तेव्हा तुम्ही स्वतःच काही बेकायदा करत असाल तर हे संरक्षण मिळत नाही. आणि असं मेलेलं काय किंवा परवानगीने मारलेलं काय, डुक्कर सरकारी मालमत्ता ठरतं. वनरक्षकाला कळवा. वाटे घालून खाल्लंत तर ताटासकट सगळी आळी आरोपी होईल.

काही वाचक म्हणतात की डुकराला सरळ उपद्रवी जाहीर करावं. तो अधिकार कलम ६२ प्रमाणे केंद्राचा आहे. केंद्राने तो बिहारसाठी डिसेंबर २०१५ मध्ये आणि उत्तराखंडसाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये, ठरावीक जिल्ह्यांपुरता आणि ठरावीक मुदतीपुरता वापरला. केरळने वारंवार मागूनही त्याला तो मिळाला नाही. त्या वाटेवर डोळे लावून बसू नका.

तुमच्या पत्रात एक प्रश्न नाही, आणि पैसा तर त्यातच आहे. नुकसानभरपाईचा अर्ज केला होता का? नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत तो वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जायला हवा. चौथ्या दिवशी गेलात तर मागणी खरी असूनही फेटाळली जाऊ शकते. पंचनामा होईपर्यंत लोळलेलं धान उचलू नका. खुरांचे ठसे, उकरलेला धुरा आणि शेताची ओळख पटेल अशी खूण फोटोत यायला हवी. जुलै २०१५ च्या निर्णयातली रचना अशी होती : दोन हजारांपर्यंतचं नुकसान पूर्ण मिळायचं, दहा हजारांपर्यंत वरच्या रकमेच्या निम्मं, आणि त्यापुढे सहा हजार अधिक उरलेल्याच्या तीस टक्के. म्हणजे तीस हजारांच्या नुकसानीवर हाती बारा हजार. नंतर शासनाने दर सुधारले आहेत, तेव्हा अर्ज देताना चालू दर विचारून घ्या. पण टप्पे बघा : मोठ्या नुकसानीत प्रत्येक रुपयामागे कमी मिळायचं. म्हणून हंगामाच्या शेवटी एकच गठ्ठा न करता प्रत्येक शिरकावाचा वेगळा अर्ज द्या. तो खोटेपणा नव्हे, प्रत्येक रात्रीचं नुकसान वेगळंच असतं. अतिक्रमित वनजमिनीवरच्या पिकाला मात्र भरपाई नाही.

दुसरा आधार पीक विम्याचा. २०२६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान आणि धान पाण्याखाली जाणं, दोन्ही घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. कळवण्याची मुदत ७२ तास, तीही ॲपवर जागेची नोंद असलेल्या फोटोंसह. कोणते प्राणी आणि कोणते भाग हे राज्य ठरवतं, त्यामुळे विमा भरण्याआधी कृषी सहायकाला हे दोन प्रश्न विचारा.

जागल कमी करायची असेल तर सौर कुंपण घ्या. त्यात क्षणभराचा झटका असतो, जीव जात नाही. पण त्याला घरची लाइन जोडली की तीच जीवघेणी तार. डुकरासाठी खालची तार जमिनीजवळ हवी, आणि गवत तारेला टेकू देऊ नका, नाहीतर झटका मातीत जातो. तुमचं गाव डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत आहे का ते वनविभागात विचारा. त्यात अनुदान मिळतं.

प्रश्न : आमच्याकडे जंगल नाही, गावातलीच मोकाट डुकरं भाजी उकरतात. त्यांना मारलं तर चालेल ना?
— एक वाचक, लाखनी

उत्तर : नाही. ती पाळीव आहेत, त्यामुळे वनविभाग भरपाई देणार नाही. आणि मारलं तर दुसऱ्याचं जनावर मारल्याबद्दल न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे रानडुकरापेक्षाही जास्त. ग्रामपंचायतीला लेखी तक्रार द्या, कोंडवाड्याची मागणी करा आणि मालक माहीत असेल तर वकिलामार्फत भरपाईची नोटीस पाठवा. इंग्रजांच्या १८७१ च्या कोंडवाड्याच्या कायद्यातही डुकराच्या बेपर्वा मालकासाठी वेगळं कलम आहे. त्याच्या मूळ मजकुरातला दंड मात्र दहा रुपयांपर्यंतच, त्यामुळे भर नोटिशीवर द्या.